भाऊ महाराज झाला तेव्हा

माझा मोठा भाऊ बोलायला उशिरा शिकला, आणि शिकला तेव्हाही स्वतःचं असं काही बोलला नाही. समोरचा जे म्हणेल त्यातले शेवटचे एकदोन शब्द तो परत म्हणायचा. माय विचारायची, "जेवाचं?" तो म्हणायचा, "जेवाचं." माय विचारायची, "पाणी पाह्यजे?" तो म्हणायचा, "पाणी पाह्यजे." पण खरोखरच तहान लागली असली तर तो तोंडातून शब्द काढायचा नाही. मायचं मनगट धरून तिला रांजणापाशी न्यायचा आणि तिथे तिचा हात सोडून द्यायचा. त्याचं खरं 'हो' कोणतं आणि नुसतं परत म्हणणं कोणतं, हे घरात मायला कळायचं. मला थोडं थोडं कळायचं. बाबांनी कळून घ्यायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

आता त्याला शब्द आहे. स्वमग्न म्हणतात, ऑटिझम म्हणतात. तेव्हा आमच्या गावात एकच शब्द होता, येडा. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव देऊळघाटच्या अंगाला, नदीच्या काठाकाठाने गेलं की लागायचं. आमची जमीन थोडी होती, तिच्यात कपाशी आणि ज्वारी. गावात मानही नाही आणि अपमानही नाही अशा घरांपैकी आमचं एक. अपमान होता तो फक्त भावाचा.

बाबांनी सुरुवातीला सगळं करून पाहिलं होतं, असं माय सांगायची. गंडे बांधले, बुलढाण्याच्या डॉक्टरला दाखवलं, कुणी सांगितलं म्हणून जिभेला वेखंड चोळलं. मग एके वर्षी त्यांनी ते थांबवलं आणि त्याच्याकडे पाहणंही थांबवलं. घरी पाहुणे आले की भावाला कापसाच्या खोलीत बसवायचं, हा त्यांचाच नियम. भावाला त्याचं दुःख नव्हतं. वेचणी झाली की ती खोली आढ्यापर्यंत भरायची. तो कापसात छातीपर्यंत रुतून बसायचा आणि त्याचे सदा ताठलेले खांदे खाली यायचे. दाराच्या फटीतून मी त्याला पाहायचे. झोपेत माणूस दिसतो तसा तो तिथे जागेपणी दिसायचा.

सकाळी तो मारुतीच्या देवळापुढच्या पाराला फेऱ्या घालायचा. पारावर मोठा कडुलिंब होता. उजवा हात पाराच्या दगडांवरून फिरवत, एकाच चालीने, ऊन पाठीला चटका देईपर्यंत तो चालायचा. पोरं त्याला खडे मारायची. खडा लागला की तो थांबायचा, लागलेल्या जागेवर बोट ठेवायचा, आणि पुन्हा चालू लागायचा. माय मला त्याच्यासोबत पाठवायची. मी पोरांना शिव्या द्यायचे. तो तेव्हा विशीतला होता, मी शाळेत जात होते.

त्याचा महाराज झाला तो एका म्हशीमुळे.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची म्हैस दावं तोडून गेली होती. शोधत शोधत तो पारापाशी आला आणि वैतागून भावाला म्हणाला, "काय बे, म्हैस नदीकडं गेली?" भाऊ म्हणाला, "नदीकडं गेली." म्हैस नदीत बसलेली सापडली. उन्हाळ्यात सुटलेली म्हैस नदीशिवाय जाणार कुठे, हे त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. म्हाताऱ्याने संध्याकाळी नारळ आणून भावापुढे फोडला. नारळाच्या आवाजाने भाऊ कानावर हात ठेवून खाली बसला, आणि म्हाताऱ्याला वाटलं, बसून आशीर्वाद दिला.

भावाच्या बोलण्यात चढउतार नसायचा. विचारणाऱ्याचा हेल तो परत म्हणताना गळून जायचा, आणि मागे राहायचं ते उत्तर. "महाराज, औंदा पाणी येईन?" "पाणी येईन." "सुनेले पोरगा होईन?" "पोरगा होईन." लोक आपल्याला हवं तेच विचारायचे आणि हवं तेच ऐकून घरी जायचे. खरं ठरलं ते चारचौघांत सांगायचे. खोटं ठरलं तर भक्ती कमी पडली म्हणायचे.

बघता बघता त्याच्या प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्थ आला. पाराच्या फेऱ्या ही प्रदक्षिणा झाली. कुणाच्या डोळ्यांत न पाहणं म्हणजे नजर वर लागलेली. न बोलणं म्हणजे मौन. गुरुवारी आजूबाजूच्या गावांतून गाड्या येऊ लागल्या. खडे मारणारी पोरं आता घंटा वाजवायला पुढे असायची. खडे थांबले, हे खरं. माय आधी त्यानेच सुखावली. पहिल्या महिन्यात तिने स्वतः पारावर शेणसडा टाकलेला मला आठवतो.

पण भावाला अंगाला हात लावलेला सोसायचा नाही. लोक पाय धरायचे, पायांवर डोकं टेकवायचे, बायका त्याच्या कपाळाला बुक्का लावायच्या. त्याचं अंग लाकडासारखं व्हायचं. घंटा सुरू झाल्या की तो स्वतःचं मनगट चावायचा. रक्त यायचं. लोक म्हणायचे, महाराज भक्तांचा भोग आपल्या अंगावर घेऊन राह्यले. कोरडी भाकर सोडून काहीही न खाणाऱ्या त्याच्या तोंडात ते पेढा कोंबायचे, आणि तो ओकला की तेही काहीतरी असायचं. दुपारी घरी आल्यावर माय त्याच्या मनगटाला हळद लावायची. तो हळद लावू द्यायचा, पण तिच्याकडे पाहायचा नाही. मी वाटी धरून बसायचे. त्या दिवसांत मला काय वाटत होतं ते आठवायला गेलं तर ती पितळेची वाटी आठवते, वाटणं आठवत नाही.

बाबा बदलले. ज्या मुलाला ते पाहुण्यांपासून लपवायचे त्याच्या शेजारी ते पारावर मांडी घालून बसू लागले. लोकांचे प्रश्न ते भावाला नीट समजावून विचारायचे, आणि भावाने म्हटलेलं पुन्हा मोठ्याने सांगायचे. त्यांना लोभ नव्हता. आलेला नारळ, गूळ, धान्य ते तिथेच वाटून टाकायचे. गावातली जी माणसं पूर्वी त्यांना रस्त्यात पाहून 'कसं हाये तुमचं पोरगं' असं कीव करत विचारायची, तीच आता त्यांच्यासाठी सतरंजी झटकायची. पण तेवढ्यासाठी ते बसत होते असं मला वाटत नाही. आपल्याच घरी असं मूल का आलं, याचं कारण ते वीस वर्षं शोधत होते. ते त्यांना मिळालं होतं. आता ते हातचं सुटू नये एवढंच त्यांना हवं होतं.

पावसाळा संपता संपता नदीपलीकडच्या गावातला एक कुणबी आपली मुलगी घेऊन आला. बैलांच्या दमणीत गोधडीवर ती निजली होती, पाच-सहा वर्षांची. ताप होता. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती डोळे उघडत नव्हती. तो माणूस तिला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला निघाला होता, वाटेत महाराजांना विचारावं म्हणून थांबला. मी तिथेच होते. त्याने हात जोडले आणि विचारलं, "महाराज, दवाखान्यात नेऊ, का अठीच बरी होईन?"

भाऊ म्हणाला, "अठीच बरी होईन."

बाबांनी ते मोठ्याने पुन्हा सांगितलं. त्या माणसाने अंगारा घेतला, मुलीच्या कपाळाला लावला आणि बैल माघारी वळवले. मी घरी जाऊन मायला सांगितलं. ती भाकर थापत होती. पीठभरल्या हातांनी ती पळत निघाली, पण दमणी नदी ओलांडून गेली होती. तिने पलीकडच्या गावी जाणाऱ्या एका बाईजवळ निरोप दिला, की पोरीले दवाखान्यात न्याच. निरोप पोचला की नाही, पोचला तर त्याने ऐकला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. मुलगी दोनतीन दिवसांत गेली.

काही दिवसांनी तो माणूस परत आला, एकटा, पायी. पारावर गुरुवारची गर्दी होती. त्याला ओळखणारे बाजूला सरले. बाबा उभे राहिले. मला वाटलं, आता हा भावाला मारणार. भाऊ नेहमीसारखा दगडावर बोटं फिरवत बसला होता. तो माणूस जवळ गेला, त्याने भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाला, "महाराज, तुमी म्हणले ते खरं झालं. बरी होईन म्हणजे सुटन, असं होतं ते. मलेच समजलं नाही. तुमचा काही दोष नाही."

भाऊ म्हणाला, "काही दोष नाही."

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. काही बायका रडल्या. बाबांनी डोळे मिटले.

माय मागे उभी होती. तो माणूस गावाबाहेर निघाला तेव्हा ती त्याच्या मागे गेली, आणि मी तिच्या मागे. नदीच्या उतारावर तिने त्याला गाठलं. तिने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. की हा देव नाही, याला बोलता येत नाही. जे कानावर पडतं त्यातलं शेवटचं हा परत म्हणतो, त्याला त्याचा अर्थही ठाऊक नसतो. मग ती म्हणाली, "तुमी उलटं इचारलं असतं, अठी राहू का दवाखान्यात नेऊ, त तो दवाखान्यात नेऊ म्हणला असता. एवढंच हाये बापू ते. त्याच्यात दुसरं काही नाही."

त्या माणसाने तिचं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा कोरा होता. तो म्हणाला, "माय, असं नको सांगू आता."

माय म्हणाली, "खरं हाये म्हणून सांगून राह्यली."

"खरं असन," तो म्हणाला. "पण असं सांगशीन त मंग मी घरी जाऊन काय करू?"

तो नदीत उतरला. आम्ही तो पलीकडे जाईपर्यंत उभ्या राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ अंगणात दात घासत होता. माय चुलीपाशी होती. बाबा अंघोळ करून आले, ओल्या अंगाने भावासमोर वाकले आणि त्यांनी त्याच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. अंगणात आम्हा तिघांशिवाय त्यांना पाहायला कुणी नव्हतं. दाखवायला केलं असं म्हणायची सोय नव्हती. भाऊ दोन पावलं मागे सरला आणि दात घासत राहिला. मायने चुलीतलं लाकूड ओढून बाहेर काढलं, त्यावर पाणी ओतलं. त्या सकाळी आमच्याकडे स्वयंपाक झाला नाही.

गावात एकच शिकलेला माणूस पारावर येत नसे, ते म्हणजे शाळेचे मास्तर. ते बौद्ध होते. त्यांच्या वस्तीने काही वर्षांपूर्वी घरातले देव नदीत सोडले होते आणि गावाने त्याबद्दल त्यांना अजून माफ केलं नव्हतं. माय त्यांच्याकडे गेली. आमच्या घरातली बाई तोवर शाळेच्या पायरीवर कधी चढली नव्हती. मास्तरांनी तिच्यासाठी खुर्ची बाहेर आणली. ती खाली बसली, मग तेही खाली बसले. तिने त्यांना विचारलं की याच्यावर औषध आहे का. ते म्हणाले, मला ठाऊक नाही, तुम्हाला खोटं सांगणार नाही. मग म्हणाले, "आमचे देव आमी आमच्या हातानं सोडले, बाई. तुमच्या पोराले त्याच्यावर बसवलेला देव सोडता येत नाही. त्याले अठून काढा. जिथं त्याले कोणी वळखत नाही तिथं न्या."

मायचा भाऊ मलकापूरला कापसाच्या एका जिनात कामाला होता. गुरुवार टाळून, सकाळच्या मोटरीने जायचं ठरलं. मास्तर बुलढाण्यापर्यंत सोबत आले, मला कचेरीत काम आहे असं गावाला सांगून. मायने बाबांना काही सांगितलं नाही असं मी पुढे पुष्कळांकडून ऐकलं. ते खरं नाही. तिने सांगितलं. ती म्हणाली, "मी पोराले घेऊन माह्या भावाकडं चालली. तुमाले याचं असन त या." बाबा ओट्यावर बसले होते. ते नको म्हणाले नाहीत आणि उठलेही नाहीत.

बुलढाण्याहून मलकापूरची एस.टी. घाटातून खाली उतरते. भाऊ कान दाबून, पुढेमागे डोलत बसला होता. मोटर वळली की त्याच्या घशातून एक आवाज निघायचा. लोक वळून वळून पाहत होते. पुढच्या बाकावरच्या बाईने मायला विचारलं, "पोरगा येडा हाये का, बाई?"

माय म्हणाली, "हाव. येडा हाये."

आयुष्यभर हा शब्द ऐकून तिचा चेहरा पडायचा. त्या दिवशी तिने तो स्वतःच्या तोंडाने म्हटला आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. मलकापूर येईपर्यंत ती उठली नाही.

मलकापूर सोपं गेलं असं नाही. भाऊ कितीतरी दिवस नीट जेवला नाही. पार नव्हता, कापसाची खोली नव्हती. जिनाकडून दिवसभर घरघर यायची. तो दारापाशी जायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा आणि परत आत यायचा. मामी चांगली होती पण घाबरायची. हळूहळू त्याने मामाच्या अंगणातल्या आडाच्या कठड्याला फेऱ्या घालायला सुरुवात केली. मग जेवू लागला. गल्लीतली पोरं त्याला येडा म्हणायची आणि कधी कधी काही फेकायचीही. माय काठी घेऊन दारात बसायची. कुणी तिला म्हटलं, की तिकडे त्याला फुलं वाहत होते आणि इथे ही गत, तर ती म्हणायची, "अठी कोणी हात त लावत नाही त्याले." मनगटावरच्या जखमा भरल्या. वळ तेवढे राहिले.

बाबा दिवाळीला यायचे. भावाच्या समोर, हातभर अंतर ठेवून बसायचे. मायने त्यांना भावाला शिवायची मनाई केली होती आणि ते ती पाळायचे. एका दिवाळीला त्यांनी त्याला विचारलं, "माह्यावर राग हाये?"

"राग हाये," भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "बाबा, तुमी राग नाही म्हणून इचारलं असतं त तो राग नाही म्हणला असता. तुमाले माहीत हाये."

"माहीत हाये मले," बाबा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी फराळाला हात लावला नाही, आणि पुढची दिवाळी ते आले नाहीत.

मी शिकले, शिक्षिका झाले. माझी बदली डोणगावला असताना मलकापूरहून तार आली. भावाला न्यूमोनिया झाला होता. तो दुखतं म्हणून सांगू शकत नव्हता, आणि मायला कळेपर्यंत उशीर झाला होता. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला रडू येईल म्हणून मामीने माझ्या हाताला धरून ठेवलं. रडू आलं नाही. मी हातपाय धुतले आणि शेजाऱ्यांकडून आलेली भाकर खाल्ली. ती थोडी जळालेली होती. मायही रडत नव्हती. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो, आणि आडाच्या कठड्याकडे पाहणं दोघींनीही टाळलं.

तिसऱ्या दिवशी बाबा गावातल्या चार माणसांना घेऊन आले. त्यांना महाराजांची काहीतरी वस्तू हवी होती. पारावर स्थान बांधायचं होतं. भाऊ गाव सोडून गेल्यापासून इतकी वर्षं लोक रिकाम्या पाराला नमस्कार करतच होते, हे मला तेव्हा कळलं. माय आत गेली आणि घडी केलेलं एक धोतर घेऊन आली. ते मामाचं होतं. बाबांनी ते उलगडलं. मामा ठेंगणा, भाऊ उंच. बाबांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी मायकडे पाहिलं, धोतर पुन्हा घडी करून कपाळाला लावलं आणि त्या माणसांच्या हातात दिलं. ते धोतर आजही स्थानावर काचेच्या पेटीत आहे. शेवटपर्यंत बाबाच तिथे झाडलोट करत होते.

यातलं कुणाला सांगावं असं मला वाटलं नव्हतं. निवृत्त होऊन मी बुलढाण्यात राहते. काही दिवसांपूर्वी एक तरुण बाई घरी आली. तिची दहाएक वर्षांची मुलगी स्वमग्न आहे. अशा मुलांच्या आईबापांची एक मंडळी जमते, त्यांचा एक शोध चालला होता. त्यांना आपल्या मुलांसाठी कुणीतरी एक हवं होतं. ज्याचा फोटो लावता येईल, ज्याचं नाव घेऊन वर्षातून एक दिवस साजरा करता येईल, असं. परदेशातल्या कुणा शास्त्रज्ञाचं नाव काहींना सुचलं होतं, पण तो स्वमग्न होता की नव्हता हे कुणी सांगू शकत नव्हतं. मग तिला आमच्या गावच्या स्थानाबद्दल कळलं. महाराजांची वर्णनं ऐकून तिच्या लगेच लक्षात आलं होतं.

"आपल्याच जिल्ह्यातले," ती म्हणाली. "आपल्यातलेच."

मी तिला हे सगळं सांगितलं. मुलीचंही सांगितलं, दमणीतल्या. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही नको म्हणता."

मला तसं म्हणता येईना. मी तिला म्हटलं, तो महाराज झाला आणि त्याला खडे मारायचे थांबले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो महाराज झाल्यापासून त्याला तहान लागली का हे मायशिवाय कुणी पाहिलं नाही, हेही पाहिलंय. यातलं कोणतं जास्त वजनाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती म्हणाली, "मॅडम, माझ्या मुलीच्या शाळेत भिंतीभर फोटो आहेत. बाकीच्या प्रत्येक मुलाला त्यातलं कुणी दाखवून सांगता येतं, हे आमचे. मला माझ्या मुलीला उभं करून एका फोटोकडे बोट दाखवायचंय. बस. मला चमत्कार नकोयत."

ते मला पटलं. खोटं कशाला सांगू, फार पटलं. आपला म्हणून दाखवायला वर कुणी नसलं की माणूस खालीच पाहत राहतो, हे मी बौद्ध वस्तीतल्या पोरांच्या बाबतीत चाळीस वर्षं शाळेत पाहिलंय. त्यांच्या घरात तसबीर आली आणि त्यांची मान वर झाली. पण ती तसबीर ज्यांची, ते बोलत होते. वाद घालत होते. नको ते नको म्हणत होते. माझ्या भावाला नको म्हणता आलं नसतं. कुणी त्याला विचारलं असतं, 'तुझा फोटो लावू?' तर तो काय म्हणाला असता हे मला माहीत आहे.

तिने मला त्यांच्या सभेला बोलावलं. मी गेले. एप्रिलचे दिवस, पत्र्याचा हॉल, आईबाप आणि मुलं मिळून वीसतीस माणसं. एक गृहस्थ म्हणत होते की दैवत नको, माणूस हवा. दुसरे म्हणत होते, मेलेला हवा, म्हणजे त्याला त्रास नाही. एक आई म्हणाली, माझ्या मुलाला वाचवणारा हवा, मग तो कोणी का असेना. मला बोला म्हणाले. मी थोडं बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. मागच्या बाजूला त्या बाईची मुलगी आईच्या ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली होती.

बोलणं चालू असताना ती मुलगी एकाएकी कान दाबून खाली वाकली. छताचा पंखा खडखडत होता. सगळ्यांच्या आधी दाराजवळच्या एका बापाच्या ते लक्षात आलं. त्याने उठून बटण बंद केलं आणि परत जागेवर येऊन बसला. कुणी त्याला काही विचारलं नाही. मुलगी हळूहळू सरळ झाली. पत्र्याखाली आम्ही सगळे घामाने निथळत बसलो, आणि ज्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं होतं त्याने ते खालच्या आवाजात पुढे चालू केलं. त्या दिवशी ठरलं काहीच नाही.